आकडा अचूक, हिशेब अपुरा

महिन्याची अठरा-एकोणीस तारीख उजाडली की आमच्या शाखेत चालू खात्यांच्या खिडकीपुढची गर्दी वाढू लागते. वीस तारखेपर्यंत वस्तू व सेवा कराचे, म्हणजेच जीएसटीचे, मासिक विवरणपत्र भरावयाचे असते आणि त्यापूर्वी कराचे पैसे खात्यात असावे लागतात. कुणी धनादेश वटला का म्हणून विचारतो, कुणी दोन दिवसांपुरती मर्यादेबाहेरची उचल मागतो. या रांगेतील अनेकांच्या हाती मोबाइल असतो आणि त्यावर एक छोटीशी चौकट उघडलेली असते: रक्कम लिहा, दर निवडा, कर पाहा. आंतरजालावर विनामूल्य मिळणारा हा जीएसटी कॅल्क्युलेटर म्हणजे आजच्या छोट्या व्यापाऱ्याचा मुनीमजीच होऊन बसला आहे.

हे साधन उपयुक्त आहे, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पूर्वी ज्या हिशेबासाठी कर सल्लागाराकडे खेपा घालाव्या लागत, त्यातील गुणाकाराचा भाग आता क्षणात होतो, तोही न चुकता. परंतु शाखेत बसून व्यापाऱ्यांची खाती रोज पाहताना एक गोष्ट मला वारंवार जाणवते. कॅल्क्युलेटर उत्तर देतो ते शेवटच्या प्रश्नाचे. त्याआधीचे प्रश्न व्यापाऱ्याने स्वतःला विचारावयाचे असतात आणि नेमके तेच आजकाल विचारायचे राहून जातात.

एम.कॉम.च्या वर्गात असताना आम्ही महाराष्ट्रातील मूल्यवर्धित कराची उदाहरणे सोडवीत असू. प्रश्नपत्रिकेत सारे काही दिलेले असे: विक्रीची रक्कम अमुक, कराचा दर साडेबारा टक्के, विक्री राज्यांतर्गत, किंमत करविरहित. विद्यार्थ्याने फक्त गुणाकार करावयाचा. बँकेत आल्यावर उमगले की, व्यवहारात ही माहिती कुणीही आयती देत नाही. ती मिळविणे हाच खरा हिशेब असतो; गुणाकार ही त्याची शेवटची ओळ.

एका खातेदाराची गोष्ट

आमचे एक खातेदार आहेत. मूळचे सांगलीकडचे, पण आयुष्य दिल्लीत गेलेले. नट-बोल्ट, स्क्रू अशा लोखंडी मालाचा त्यांचा छोटा ठोक व्यापार आहे. आमच्या शाखेत त्यांचे कॅश क्रेडिट खाते असून ते वर्षानुवर्षे शिस्तीत चालले होते. मध्यंतरी त्या खात्यातील जमा अचानक मंदावली. व्याज थकले नव्हते, परंतु उचल मर्यादेला टेकली होती. मी त्यांना बोलावून घेतले.

कारण साधे होते. नॉइडातील एका कारखान्याला ते दरमहा सुमारे दीड लाख रुपयांचा माल पाठवीत होते. आठ महिने हा व्यवहार सुरळीत चालला. त्यानंतर त्या कारखान्याच्या लेखा विभागाने सारी बिले परत पाठविली आणि पुढचे पैसे रोखून धरले. बिलावरील कर आम्हाला वळता करून घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

काकांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. “मॅडम, हे बघा. दीड लाखावर अठरा टक्के म्हणजे सत्तावीस हजार. मी सत्तावीस हजारच लावले आणि सत्तावीस हजारच भरले. एक रुपया बुडवला नाही. मग चुकलं कुठे?”

आकड्यात खरोखरच चूक नव्हती. चूक होती नावात. कॅल्क्युलेटरने ते सत्तावीस हजार साडेतेरा हजार केंद्रीय जीएसटी आणि साडेतेरा हजार राज्य जीएसटी असे दोन भागांत विभागून दाखविले होते आणि काकांनी बिलावर तसेच लिहिले होते. माल मात्र दिल्लीतून उत्तर प्रदेशात गेला होता. अशा आंतरराज्य विक्रीवर एकच एकात्मिक जीएसटी लागतो, ज्याला आपण आयजीएसटी म्हणतो. दर तोच, रक्कम तीच, परंतु कराची जात वेगळी. दिल्लीच्या खात्यावर जमा झालेला राज्य जीएसटी नॉइडातील खरेदीदाराला त्याच्या उत्तर प्रदेशातील नोंदणीवर वळता करून घेता येत नाही.

आठ महिन्यांची विक्री १२ लाख रुपये आणि त्यावरील कर २ लाख १६ हजार. कायद्याने अशा चुकीसाठी वाट ठेवलेली आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ७७ नुसार चुकीच्या नावाने भरलेला कर परत मागता येतो आणि योग्य नावाने भरावयाच्या करावर, केवळ या चुकीमुळे, व्याज लागत नाही. परंतु त्यासाठी योग्य कर आधी भरावा लागतो आणि परताव्याचा अर्ज दोन वर्षांच्या मुदतीत करावा लागतो. म्हणजेच २ लाख १६ हजार रुपये दुसऱ्यांदा उभे करायचे आणि पहिल्या २ लाख १६ हजारांची वाट पाहत बसायचे. ज्याचे सारे भांडवलच आठ-दहा लाखांचे, त्याला हा फटका किती मोठा असतो, हे सांगावयास नको. काकांनी ते पैसे उभे केले, खातेही सावरले. पण त्यासाठी घरातील एक ठेव मुदतीपूर्वी मोडावी लागली. ती मोडण्याचा अर्ज मीच हाताळला, म्हणून हा विषय माझ्या मनातून जात नाही.

नाके गेले, सीमा राहिली

ही चूक देशात कुठेही होऊ शकते. परंतु राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात ती होण्याची शक्यता अधिक. मुंबईच्या व्यापाऱ्याचा माल ठाण्याला, पुण्याला, नाशिकला गेला तरी तो महाराष्ट्रातच राहतो. दिल्लीचा व्यापारी मेट्रोत बसला की अर्ध्या-पाऊण तासात दुसऱ्या राज्यात उतरतो. गुरुग्राम आणि फरिदाबाद हरियाणात, नॉइडा आणि गाझियाबाद उत्तर प्रदेशात, तर राजस्थानातील अलवर, भरतपूर हे जिल्हेही याच राजधानी क्षेत्रात मोडतात. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्य दर्शवितात. हरियाणा ०६, दिल्ली ०७, राजस्थान ०८, उत्तर प्रदेश ०९. चार लागोपाठचे आकडे, चार शेजारी आणि त्यांच्यामध्ये सतत वाहणारा माल. दिल्ली केंद्रशासित असली तरी तिला स्वतःची विधानसभा असल्याने येथेही राज्य जीएसटीच लागतो. त्यामुळे करापुरती ती एखाद्या राज्यासारखीच आहे.

जुन्या विक्रीकराच्या काळात ही सीमा डोळ्यांना दिसत असे. हरियाणाने मूल्यवर्धित कर २००३ मध्ये सर्वांत आधी स्वीकारला, दिल्लीने १ एप्रिल २००५ पासून आणि उत्तर प्रदेशाने १ जानेवारी २००८ पासून. प्रत्येकाचा कायदा निराळा, दर निराळे. राज्याबाहेर माल विकताना केंद्रीय विक्रीकर लागे आणि सवलतीच्या दरासाठी खरेदीदाराकडून ‘सी फॉर्म’ मिळवावा लागे. तो फॉर्म वेळेवर मिळविणे ही व्यापाऱ्यांची कायमची डोकेदुखी होती. तथापि त्या फॉर्ममुळे एक गोष्ट मात्र विसरता येत नसे: आपण राज्याची हद्द ओलांडतो आहोत.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. सी फॉर्मची कटकट बव्हंशी संपली, राज्यांच्या सीमांवरील करनाके उठले, सर्वत्र दर एक झाला. ‘एक देश, एक कर’ ही घोषणा आपण सर्वांनी ऐकली. पुष्कळ छोट्या व्यापाऱ्यांनी तिचा अर्थ ‘आता हद्द उरली नाही’ असा घेतला. रस्त्यावरची हद्द खरोखरच उरली नाही. बिलावरची मात्र जशीच्या तशी आहे. काकांची चूक अज्ञानातून जितकी झाली, तितकीच या समजुतीतूनही.

गुणाकारापूर्वीचे चार प्रश्न

कॅल्क्युलेटर उघडण्यापूर्वी प्रत्येक छोट्या व्यावसायिकाने स्वतःला चार प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.

पहिला प्रश्न: कर आकारण्याचा मला अधिकार आहे का? कॅल्क्युलेटर हे कधीच विचारीत नाही. कुणीही रक्कम लिहिली की तो कर सांगून मोकळा होतो. परंतु ज्याची नोंदणी नाही, त्याने ग्राहकाकडून जीएसटी घेणे कायद्याला मान्य नाही. ज्याने कंपोझिशन योजना स्वीकारली आहे, त्यालाही बिलावर कर वेगळा दाखवून घेता येत नाही. मालाच्या व्यापाऱ्यांसाठी या योजनेची उलाढालमर्यादा दीड कोटी रुपये असून त्यांना एकूण एक टक्का कर स्वतःच्या खिशातून भरावा लागतो. या योजनेतील व्यापाऱ्याला राज्याबाहेर विक्री करता येत नाही, ही अट राजधानी क्षेत्रात तर विशेष ध्यानात ठेवावयास हवी.

नोंदणीच्या मर्यादेचेही तसेच. केवळ मालाची विक्री करणाऱ्यास दिल्ली, हरियाणा व उत्तर प्रदेशात वार्षिक ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सामान्यतः नोंदणी बंधनकारक नाही. सेवा देणाऱ्यास ही मर्यादा २० लाखांची आहे. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला, तर काही अपवाद वगळता, ४० लाखांची सवलत लागू राहत नाही. दिवाळीत दिल्लीतील अनेक मराठी भगिनी घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेतात. चिवडा-चकलीचा डबा करोल बागेतल्या पत्त्यावर गेला तर प्रश्न नाही; तोच डबा नॉइडाच्या किंवा गुरुग्रामच्या पत्त्यावर बिल करून पाठविला, तर कायद्याच्या दृष्टीने ती आंतरराज्य विक्री ठरते. नोंदणी नसलेल्या ग्राहकाच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम स्पष्ट आहे: बिलावर ग्राहकाचे राज्य लिहिले असेल तर तेच पुरवठ्याचे ठिकाण, पत्ता लिहिलेलाच नसेल तर विक्रेत्याचे ठिकाण. असा व्यवसाय वाढविण्याची इच्छा असलेल्या भगिनींनी पहिली मोठी ऑर्डर घेण्यापूर्वीच सल्लागाराशी बोलून घ्यावे. नोंदणीला शासनाचे शुल्क नाही. नोंदणी न केल्याची किंमत मात्र असते.

दुसरा प्रश्न: माझ्या वस्तूचा दर कोणता आणि तो आजही तोच आहे का? जीएसटी परिषदेच्या ५६ व्या बैठकीत, ३ सप्टेंबर २०२५ रोजी, दरांच्या रचनेत मोठा बदल झाला आणि २२ सप्टेंबर रोजी, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी, तो अमलात आला. १२ व २८ टक्क्यांचे टप्पे बव्हंशी मोडीत निघाले; ५ आणि १८ टक्के हे मुख्य दर उरले आणि निवडक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा दर आला. वेष्टनबंद नमकीन १२ वरून ५ टक्क्यांवर आले. त्यानंतरही काही संकेतस्थळांवरील कॅल्क्युलेटर जुनेच दर दाखवीत होते. सुधारणा कधी केली, हे त्यावर लिहिलेले नसते आणि विचारणार तरी कुणाला?

दर बदलण्याच्या काळात आणखी एक पेच उद्भवतो. माल आधी दिला, बिल नंतर केले, पैसे त्याही नंतर आले, तर कोणता दर? नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे. मालाचा पुरवठा, बिल आणि पैसे या तीन तारखांपैकी दोन ज्या बाजूस पडतील, त्या बाजूचा दर. कॅल्क्युलेटरला यांपैकी एकही तारीख ठाऊक नसते.

एकाच दुकानात दोन दरही नांदू शकतात. सांगली जिल्ह्यातील खानापूर-विटा-आटपाडी भागातून देशभर पसरलेले आपले गलाई व्यावसायिक बंधू दिल्लीतही आहेत. सोने विकले तर त्याच्या संपूर्ण किमतीवर ३ टक्के. नोंदणीकृत सराफाचे सोने वितळवून शुद्ध करून दिले, तर केवळ मजुरीवर ५ टक्के. भट्टी तीच, हात तेच, सोनेही तेच. पण दर वेगळा आणि दर लावावयाची रक्कमही वेगळी. येथे कॅल्क्युलेटरला दोष देता येत नाही. आपण त्याला काय सांगतो, यावर सारे अवलंबून आहे.

तिसरा प्रश्न: माल कोठून कोठे चालला आहे? काकांची चूक येथे झाली. मालाच्या बाबतीत सामान्य नियम असा की, त्याची वाहतूक जेथे संपते ते पुरवठ्याचे ठिकाण. ते आणि विक्रेत्याचे राज्य एकच असेल तर केंद्रीय व राज्य असे दोन कर. वेगळे असेल तर एकात्मिक कर. परंतु यालाही अपवाद आहे. समजा, दिल्लीतील विक्रेत्याकडून दिल्लीतीलच व्यापाऱ्याने माल घेतला आणि ‘तो परस्पर नॉइडातील माझ्या ग्राहकाकडे पोहोचवा’ असे सांगितले. अशा वेळी गाडी हद्द ओलांडते, तरी या पहिल्या विक्रीत पुरवठ्याचे ठिकाण दिल्लीच धरले जाते, कारण सूचना देणाऱ्या व्यापाऱ्याचे मुख्य ठिकाण दिल्ली आहे. म्हणून केवळ गाडी कुठे गेली हे पाहून भागत नाही. बिल कुणाच्या नावे आणि माल कुणाच्या सांगण्यावरून गेला, हेही पाहावे लागते.

चौथा प्रश्न: माझ्या किमतीत कर आहे की नाही? हा प्रश्न सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वाधिक दुर्लक्षित. ग्राहकाला ‘सर्व धरून ११८० रुपये’ असे सांगितले असेल आणि दर १८ टक्के असेल, तर मूळ किंमत १००० आणि कर १८० रुपये. पण घाईत ११८० ही रक्कम लिहून तिच्यावर १८ टक्के काढले, तर उत्तर येते २१२ रुपये ४० पैसे. हा कर किमतीत आहे असे समजून भरला, तर प्रत्येक नगामागे ३२ रुपये ४० पैसे फुकट जातात. शंभर नगांमागे ३,२४० रुपये. बहुतेक कॅल्क्युलेटरमध्ये ‘करासह’ आणि ‘कराविना’ अशी दोन बटणे असतात. त्यांपैकी योग्य ते दाबले आहे ना, हे पाहण्यास एक क्षण पुरतो.

विक्रीचा आकडा म्हणजे देण्याचा आकडा नव्हे

चारही उत्तरे बरोबर आली आणि कॅल्क्युलेटरने अचूक कर सांगितला, तरी एक मोठी गोष्ट उरतेच. तो सांगतो विक्रीवरील कर. शासनाला प्रत्यक्ष भरावयाची रक्कम खरेदीवर दिलेला कर वजा जाता ठरते आणि ती वजावटही पुरवठादाराने आपले बिल पोर्टलवर दाखविले असेल तरच मिळते.

फरिदाबादमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनविणारे आमचे एक तरुण खातेदार आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये खोक्यांवरील कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा ते पेढे घेऊन शाखेत आले. मात्र त्याच बदलात खोक्यांसाठी लागणाऱ्या क्राफ्ट कागदावरील कर १२ वरून १८ टक्क्यांवर गेला होता. आम्ही कागदावर हिशेब मांडला. एक लाखाचा कागद घेऊन एक लाख चाळीस हजारांची खोकी विकली, असे धरू. पूर्वी खरेदीवर १२ हजार कर दिला जाई, विक्रीवर १६,८०० मिळे आणि ४,८०० शासनाला भरावे लागत. आता खरेदीवर १८ हजार द्यावे लागतात आणि विक्रीवर मिळतात केवळ ७ हजार. म्हणजे भरावयाचे काहीच नाही. उलट दर लाखाच्या खरेदीमागे ११ हजार रुपये जमेच्या रूपाने अडकून पडतात. अशा उलट्या दरांसाठी परताव्याची तरतूद आहे. परंतु परतावा हाती येईपर्यंत हे पैसे धंद्यात फिरत नाहीत. कॅल्क्युलेटरवर ‘५ टक्के’ पाहून आनंदित झालेल्या त्या तरुणाला प्रत्यक्षात अधिक खेळत्या भांडवलाची गरज लागणार होती. ही गोष्ट वेळीच ध्यानात आल्यामुळे आम्ही त्यांच्या मर्यादेचा फेरविचार शांतपणे करू शकलो.

उलट बाजूही पाहू. ज्यांच्याकडे विक्रीवरील कर अधिक जमा होतो, त्यांना तो पैसा आपलाच वाटू लागतो. वास्तविक ग्राहकाकडून घेतलेला कर ही शासनाची अनामत आहे. ती वेळेवर न भरल्यास वार्षिक १८ टक्के दराने व्याज लागते, वर विलंब शुल्क. ज्यांचे बँकेकडे कर्ज नाही, अशा व्यापाऱ्यांना माझी सूचना अशी की, प्रत्येक वसुलीतील कराचा भाग एका वेगळ्या खात्यात वळवावा. ज्यांचे कॅश क्रेडिट खाते आहे, त्यांना असे करण्याची आवश्यकता नाही. त्यांचा पैसा कर्जखात्यात राहिला तर व्याज वाचते. त्यांनी फक्त वहीत एक ओळ ठेवावी: ‘मर्यादेपैकी इतके रुपये कराचे’. तेवढी रक्कम उचलावयाची नाही, एवढे पथ्य पाळले की वीस तारखेची धावपळ टळते. तिमाही विवरणपत्राची सोय घेणाऱ्यांनाही तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढील महिन्याच्या २५ तारखेपर्यंत भरावा लागतो, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

बँक या साऱ्यात का लक्ष घालते, असे काही ग्राहक विचारतात. आज छोट्या उद्योगाचे कर्ज मंजूर करताना आम्ही ताळेबंदाइतकेच जीएसटी विवरणपत्रांकडेही पाहतो. विवरणपत्रांतील विक्री आणि खात्यातील जमा यांचा मेळ बसला की प्रस्तावाला बळ येते. बिलावरील कराचे नाव चुकले की वसुली अडते, वसुली अडली की खाते अडते. एका चौकटीतील चूक अशा रीतीने घरच्या ठेवीपर्यंत जाऊन पोहोचते.

साधन कसे असावे

मग फुकटचे कॅल्क्युलेटर वापरूच नयेत काय? अवश्य वापरावेत. पण ते अधिक शहाणे असावेत, अशी अपेक्षा करण्यास हरकत नाही. विक्रेत्याचा आणि खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक विचारला, तर पहिल्या दोन आकड्यांवरूनच ‘राज्ये वेगळी दिसतात, आयजीएसटी लागेल का ते तपासा’ एवढी सूचना देता येईल. दर कोणत्या तारखेपर्यंत अद्ययावत आहेत, हे ठळकपणे लिहिता येईल. हे काही अवघड तंत्रज्ञान नव्हे. त्यासाठी व्यापाऱ्याच्या अडचणीचा विचार मात्र हवा. काकांच्या मोबाइलवर ही एक ओळ उमटली असती, तर त्यांची ठेव शाबूत राहिली असती.

तोपर्यंत काही पथ्ये आपणच पाळावीत. दर पाहावयाचा तर शासनाच्या संकेतस्थळावर पाहावा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने दर शोधण्याची सोय विनामूल्य दिलेली आहे. बिले करण्यासाठी कॅल्क्युलेटरऐवजी हिशेबाची प्रणाली वापरावी. ती खरेदीदाराच्या राज्यावरून कराचा प्रकार सुचविते. कोणत्याही अनोळखी संकेतस्थळावर जीएसटी पोर्टलचा संकेतशब्द किंवा बँकेचा तपशील देऊ नये. गुणाकार करण्यासाठी त्यांतील कशाचीही गरज नसते. नव्या राज्यातील पहिल्या ग्राहकाचे पहिले बिल मात्र सल्लागाराला दाखवूनच पाठवावे. त्याचे शुल्क काहीशे रुपये असेल. चुकीची किंमत किती असते, ते आपण वर पाहिले.

आणि आम्हा बँक कर्मचाऱ्यांनीही यातून काही घ्यावयास हवे. प्रस्तावासोबत आलेली विवरणपत्रे आम्ही बेरजेपुरती पाहतो. ग्राहकाची दोन बिले काढून त्यांवरील राज्य व कराचे नाव पाहण्यास पाच मिनिटे लागतात. काकांच्या खात्याचे नूतनीकरण त्या आठ महिन्यांच्या काळातच झाले होते. विवरणपत्रे माझ्याच टेबलावर होती. मी विक्रीची बेरीज तपासली, ती जुळली आणि मी स्वाक्षरी केली. आकडा बरोबर आहे ना, एवढेच मीही पाहिले.

त्या दिवसापासून नूतनीकरणाच्या प्रत्येक प्रस्तावात ग्राहकाची दोन बिले मागवून घ्यावयाची, असा नेम मी स्वतःपुरता केला आहे. आपल्या बँकेच्या सर्वच शाखांनी तो स्वीकारावा, अशी नम्र विनंती या पानावरून करते. ग्राहक मित्रांनाही एवढेच सांगणे आहे की, पुढच्या वेळी शाखेत याल तेव्हा एक-दोन बिले सोबत अवश्य आणावीत. चहा घेता घेता ती दोघांनी मिळून पाहू. कॅल्क्युलेटर आपल्या खिशात आहेच. त्याला विचारावयाचे प्रश्न आपण मिळून ठरवू.

(लेखातील मते व्यक्तिगत आहेत. प्रत्यक्ष व्यवहारापूर्वी कर सल्लागाराचे मार्गदर्शन घ्यावे.)